शुक्रवारची दुसरी पाळी

सुमेधा ताम्हनकरच्या शास्त्रात यंत्रं होती, कामं होती, मुदती होत्या. माणसं नव्हती, आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. यंत्रं थोडी, कामं पुष्कळ, प्रत्येकाची मुदत वेगळी. तर कामं कुठल्या क्रमाने लावली म्हणजे कमीत कमी कामं मुदतीबाहेर जातील, एवढाच काय तो प्रश्न. काम कुणाचं, ते रखडलं तर कुणाचं काय अडेल, हे विचारायची या शास्त्रात पद्धत नाही. चिपळूणला आत्याच्या लग्नात हिला वाढायला उभी केली, तेव्हा हिने पहिल्याच पंगतीला जिलबी संपवली होती. तीच मुलगी इस्रायलला जाऊन क्रम लावण्यात डॉक्टरेट करते म्हटल्यावर घरच्यांना हसू आवरत नसे.

तिचे मार्गदर्शक एफ्राईम. सगळं विद्यापीठ त्यांना नुसतं एफ्राईम म्हणे. सुमेधाला ‘सर’ हा शब्द गिळायला वर्ष लागलं. माणूस हुशार, हसरा, आणि खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. बिया फोडता फोडता ते दुसऱ्यांचे सिद्धांतही फोडत. उशीर तो उशीर, असं त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. एका मिनिटाचा काय आणि एका दिवसाचा काय, आपल्या हिशेबात किंमत सारखीच. म्हणून जे काम रांगेत बसत नाही ते उचलून शेवटी टाकायचं आणि त्याची चिंता सोडायची. उचलायचं कुठलं, तर ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते. एक लांबलचक काम बाजूला काढलं की मागची चार सुरळीत होतात. नियम जुना होता, सिद्ध झालेला होता, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

आता प्रबंध म्हटला की एक प्रकरण खऱ्या जगातलं लागतं. नाहीतर परीक्षक म्हणतात, छान आहे, पण याचा उपयोग काय. १९९८च्या उन्हाळ्यात ते खरं जग सुमेधाला शहरातल्या एका खासगी डायलिसिस केंद्राच्या रूपाने मिळालं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत अशी माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येत, खुर्चीत पाठ टेकून बसत, आणि यंत्र त्यांचं रक्त धुऊन परत अंगात सोडी. कुणाला साडेतीन तास लागत, कुणाला साडेचार. एक उठला की यंत्र धुवायचं आणि दुसऱ्याला जोडायचं. एफ्राईमनी ते सगळं दालन दारातूनच पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. बारा यंत्रं, दोन पाळ्या, आणि प्रत्येक कामाला दाभणाएवढ्या जाड दोन सुया. यापेक्षा स्वच्छ उदाहरण कुठे मिळणार?

दुखणं शुक्रवारचं होतं. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, म्हणजे देश थांबतो, बससुद्धा बंद. परिचारिकांना त्याआधी घर गाठायचं असतं, स्वयंपाक उरकायचा असतो. पण दर शुक्रवारी एकदोन रुग्ण बंद व्हायच्या वेळेपुढे रेंगाळत आणि मुख्य परिचारिका त्सिपोरा तोंडाचा पट्टा सोडी. केंद्राचं म्हणणं एवढंच होतं की शुक्रवारी कुणीही उशिरा उरू नये. सुमेधाने मनाशी आकडा ठरवला, शून्य.

प्रबंधात नवं काहीतरी हवं म्हणून तिने एक युक्ती काढली. आधीच्या पंडितांनी कामांना कधी विचारलं नव्हतं. ती विचारणार होती. प्रत्येक रुग्णाकडे जायचं, शुक्रवारची वेळ बदलली तर चालेल का म्हणून विचारायचं, आणि जो जे म्हणेल ते अट म्हणून गणितात घालायचं. ओफिर नावाचा एक ठेकेदार होता. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो ओरडला की शुक्रवारी सकाळ सोडून दुसऱ्या वेळेचं नाव काढलंस तर याच नळ्यांचा गळफास करून घेईन, आणि चिठ्ठीत तुझं नाव लिहीन. एका रशियन बाईने मुलाला उभं केलं, मुलाने वकिलाचं नाव घेतलं. एकाने तिथल्या तिथे आपल्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन लावून तो सुमेधाच्या कानाला चिकटवला. पहिले दोन दिवस सुमेधा घाबरली, तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की या देशात ओरडणं म्हणजे भांडण नव्हे, ती नोंदणी असते. जो ओरडला त्याची अट आत गेली.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा बसे. सुमेधा भिंतीशी उभी राहून यंत्र धुवायला किती मिनिटं लागतात ते मोजत होती. माणूस परदेशात कितीही शिकला तरी आकडे मोजतो मायबोलीतच. तिचं पुटपुटणं अठरावर अडखळलं, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे न उघडता सांगितलं, “एकोणीस. पुढे बोल गो.”

ते अबाजी किहिमकर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, जन्म अलिबागकडचा, तरुणपण मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून गेलेलं, आणि १९६४ साली बायकोला घेऊन जे वाळवंटातल्या डिमोना गावी उतरले ते तिथल्या खनिजाच्या कारखान्यातून निवृत्त होऊनच मोकळे झाले. त्यांची मराठी त्यांच्याबरोबरच बोटीतून उतरली होती आणि त्यानंतर तिने एक इंचही वाढायचं नाकारलं होतं. ते हपिस म्हणत, टायम म्हणत, बसला मोटार म्हणत, आणि काही आवडलं तर फस्क्लास म्हणत. घरात मुलं मराठीला हिब्रूत उत्तर देत. लिहि नावाची नात तर आजोबा बोलायला लागले की आधी आजीकडे बघे. बायको रिना सोडली तर त्यांच्याशी आख्खं वाक्य बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. सुमेधालाही चिपळूण सोडल्यापासून कुणी ‘गो’ म्हटलं नव्हतं. ती महिन्यातून एखाद्या गुरुवारी डिमोनाला त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागली. रिनामावशी नारळाच्या दुधात मासे करी आणि समोर बसून हिच्या ताटातल्या प्रत्येक घासावर पाळत ठेवी.

अबाजींनी तिला त्यांच्या लोकांचं जुनं नाव सांगितलं, शनवार तेली. कोकणात त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल काढत, आणि शनिवार आला की घाणा थांबे. गावाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं, त्यांनाही शास्त्रापुरतंच ठाऊक होतं. पण घाणा थांबायचा म्हणजे थांबायचा, बैलसुद्धा खाली बसायचा. सुमेधाला हे भलतंच आवडलं. सातातला एक दिवस बंद असणारं यंत्र हा तिच्या शास्त्रातला जुना प्रश्न, आणि त्याला इतकं गोड उदाहरण कुणाकडे नव्हतं. तिने ते प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातलं. एफ्राईमही खूश झाले. घाण्याची सुटी प्रबंधात आली. तेल्याची आली नाही.

पुढे अबाजींना विचारायची पाळी आली. शुक्रवारी सकाळऐवजी अकराच्या पाळीला आलात तर चालेल का? अबाजींनी जरा खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुझं काम होतंय ना? मग चालेल.”

त्सिपोरा पलीकडे सुई टोचत होती. म्हातारा काय म्हणाला म्हणून तिने विचारलं. सुमेधाने हिब्रूत सांगितलं, काही अडचण नाही. आणि गणितात अबाजींच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

कोरी जागा पाहून एफ्राईमना काय आनंद झाला. चांगल्या वेळापत्रकाला असं एक मोकळं काम लागतंच, ते म्हणाले. सगळे आपापल्या जागी घट्ट बसले की उरलेली गैरसोय ठेवायला कुठेतरी खण हवा. त्यात अबाजींना लागत साडेचार तास, म्हणजे सगळ्यांत जास्त. जुना नियम त्यांच्याकडेच बोट दाखवत होता आणि नवी अट त्यांना वाचवायला नव्हती. शुक्रवारच्या दुसऱ्या पाळीत अबाजींना टाकलं आणि उशिरांचा आकडा शून्यावर आला. ओफिर आपल्या सकाळी, रशियन बाई आपल्या सकाळी, आणि त्सिपोरा वेळेवर घरी.

उन्हाळाभर खरंच काही बिघडलं नाही. अबाजी साडेतीनला उठत, चारची बस पकडत, घरी जाऊन आंघोळ करून पांढरा सदरा घालून बसत, तरी सूर्य खिडकीत असे. ज्यूंच्या नव्या वर्षाला रिनामावशीने गव्हाच्या चिकाचा हलवा केला आणि त्यातला अर्धा डबा सुमेधाच्या पिशवीत कोंबला. वेळापत्रक केंद्राच्या भिंतीवर लागलं. एफ्राईमनी तेल अविवच्या एका परिषदेला निबंध पाठवला, आणि त्याच्या सारांशात शून्य हा आकडा दोनदा आला.

मग देशाची घड्याळं तासभर मागे गेली, सूर्य लवकर मावळू लागला, आणि हिवाळा आला.

डिसेंबरात सुमेधा हिवाळ्याचे आकडे घ्यायला बसली आणि पाहते तो वेळापत्रक उन्हाळ्याहूनही सरस चाललेलं. शुक्रवारची शेवटची यंत्रं ठरल्या वेळेच्याही आधी मोकळी होत होती. एफ्राईमनी तोंडातली बी थुंकून शाबासकी दिली. आकडा अपेक्षेहून बरा आला की तो तपासायचा नसतो, असं कुणी कुठे शिकवत नाही, पण सगळे शिकतात. सुमेधा मात्र पाहायला गेली, एवढं तिच्या जमेला धरलं पाहिजे.

तो हनुक्का या दिव्यांच्या सणातला शुक्रवार होता. परिचारिकांच्या टेबलावर जॅम भरलेल्या वड्यांचा खोका उघडा पडला होता आणि तो खाता येत नसलेली माणसं त्याच्याकडे बघत रक्त धुऊन घेत होती. दोनच्या सुमाराला अबाजींनी हात वर केला, शाळेत बाहेर जायची परवानगी मागतात तसा. त्सिपोरा तणतणत आली. अजून सव्वा तासाच्या वर बाकी आहे, पुढे शनिवार-रविवार यंत्र नाही, पाणी आणि पोटॅशियम अंगात साठतं, तीनांतला हाच दिवस नीट झाला पाहिजे, हे तुम्हाला किती वेळा सांगू, असं ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिने सुया काढल्या, आपल्या मर्जीने उठतो आहे अशी सही घेतली. जाता जाता ती सुमेधाला म्हणाली, तुझ्या काकांना विचार, दर शुक्रवारी कुठली गाडी चुकते यांची.

सुमेधा जवळ जाऊन बसली. अबाजी दंडावर कापूस दाबून धरून होते. पाय सुजले होते. बुटांचे बंद त्यांनी सोडूनच ठेवले होते.

“शेवटची मोटार अडीचची,” त्यांनी सांगितलं. “ती गेली की मग शब्बाथ लागतो, गो. मग कसा जाऊ?”

“आणि विमा मंडळ रुग्णांना टॅक्सी देतं ती?”

“तिच्यात डिमोनाच्या दोघी बाया. त्यांचं सकाळीच होतं, त्या जातात. माझ्या एकट्यासाठी दुसरी कोण पाठवील? मागायला बरं दिसत नाय.”

“काका, मी तुम्हाला परत सकाळी घालते.”

“तुझं बुक कधी पुरं होतं?”

प्रबंधाला ते बुक म्हणत. सुमेधाने सांगितलं, फेब्रुवारीअखेर द्यायचं आहे.

“मग दोन महिने काय. चालेल. तोवर राहू दे.”

चिपळूणच्या घरात सुमेधाची आई मासळीचा शेपटीकडचा तुकडा घेऊन म्हणे, मला हाच चालेल. तेव्हा ते उत्तर म्हणून कुणी धरत नसे. आपल्याकडे पहिलं ‘चालेल’ हा नुसता दाराचा आवाज असतो. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, तिसऱ्यांदा विचारायचं असतं, आणि शेवटी न विचारताच मधला तुकडा पानात वाढायचा असतो. हे सुमेधाला शिकवावं लागलं नव्हतं. हिब्रूत वाढलेल्या कुणाला ते कळलं नसतं आणि त्याला दोषही देता आला नसता. तिला कळलं, आणि तरी तिने पुन्हा विचारलं नाही.

प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच संध्याकाळी विभागात जाऊन तिने अबाजींना सकाळी ठेवून गणित पुन्हा चालवलं. उशिरांचा आकडा दोन आला. उलटसुलट करून पाहिलं, दोनच. शून्य हवं असेल तर ओफिरला दुपारी हलवायला हवं होतं. तिने रविवारी ओफिरला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, नळ्यांचं बोललो होतो ते आठवतं का? तिने फोन ठेवला.

मग ती एफ्राईमकडे गेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी एकच विचारलं, रुग्णाने तक्रार केली का? नाही. मग ती अट नाही, ते म्हणाले, ती तुझी भावना आहे. पुढच्या आवृत्तीत घालू. परिषद तोंडावर आहे, दुसरी चार केंद्रं हे वेळापत्रक मागतायत, आणि दोन हा काही आकडा नव्हे. दोन तर केंद्राकडे आधीच होते.

सुमेधा खोलीवर आली. हिवाळ्याच्या तक्त्यात अबाजींच्या पाळीची लांबी लिहायची होती. ठरलेले साडेचार तास लिहायचे की घडलेले सव्वातीन? तिने घडलेले लिहिले. खोटं काही नव्हतं त्यात. पण त्या आकड्याने तक्ता आणखीच सुंदर दिसला, आणि तो का सुंदर दिसतो हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

जानेवारीभर ती शुक्रवारी केंद्रात गेली नाही. डिमोनालाही गेली नाही. प्रबंधाची घाई होती, आणि घाई ही फार सोयीची गोष्ट असते. रिनामावशीचा फोन आला, की महिनाअखेरच्या रविवारी झाडांच्या नव्या वर्षाची संध्याकाळ आहे, घरी मलिदा आहे, आलीच पाहिजेस. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने ताट भरतात, भिजवलेल्या गोड पोह्यांवर खोबरं, खजूर, फळं, आणि सगळे मिळून प्रार्थना म्हणतात. सुमेधाला नाही म्हणता आलं नाही.

अबाजी खुर्चीत बसूनच प्रार्थना म्हणत होते. चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, त्यामुळे उलट तरुण दिसत होता. एक भाऊबंद तसं म्हणालाही. दोन वाक्यांमध्ये त्यांना थांबून श्वास घ्यावा लागे. ताट फिरत आलं. खजूर, खोबरं, केळं, सगळं त्यांना बंद होतं, सगळं पोटॅशियमचं. रिनामावशीने चिमूटभर पोहे आणि एक खजूर त्यांच्या तळहातावर ठेवला. हनाबीचं आहे, एकाने काय होतंय, असं कुणीतरी म्हणालं. अबाजींनी सुमेधाकडे बघून डोळा मिचकावला आणि खजूर तोंडात टाकला.

निघताना ते दारापर्यंत आले. बुक किती राहिलं म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली, शेवटचं प्रकरण. फस्क्लास, ते म्हणाले.

सोमवारी पहाटे, टॅक्सी यायच्या थोडं आधी, बूट घालताना ते पलंगावर आडवे झाले. हृदय थांबलं. सकाळी त्सिपोराने फोन करून सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात पहिल्यांदाच तणतण नव्हती. त्याच दिवशी त्यांना पुरलं. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं की काल काय खाल्लं, आणि खजुराचं नाव निघाल्यावर मान हलवली. तिथे हिशेब मिटला. केंद्राच्या नावावर काही निघालं नाही, कारण सह्या होत्या. एफ्राईमच्या नावावर काही निघालं नाही, कारण तक्रार नव्हती. दोषाची सगळी रक्कम जाऊन पडली ती रिनामावशीच्या खात्यावर.

मंगळवारी केंद्राने सुमेधाला वेळापत्रक पुन्हा चालवायला सांगितलं. एक खुर्ची रिकामी झाली होती आणि प्रतीक्षेतला नवा रुग्ण घ्यायचा होता. त्याला सकाळच हवी होती आणि त्याने ते मोठ्याने सांगितलं होतं. तिने ते चालवलं. आकडा शून्य आला.

गुरुवारी ती त्यांच्या घरी शिवाला गेली. शिवा म्हणजे सुतक, सात दिवस घरचे जमिनीलगत बसतात आणि दार उघडं ठेवतात. दारात लिहि उभी होती, सैन्याच्या गणवेशात, रडून डोळे लाल. आत रिनामावशी भिंतीशी गादीवर बसली होती. तिची एक जाऊ खुर्चीत बसून आल्यागेल्याला सांगत होती की डॉक्टरांनी बजावलं होतं हो खजूर देऊ नका म्हणून, पण आमच्या रिनाला हनाबीची भीती मोठी. ती हे मराठीत सांगे, मग तरुणांसाठी हिब्रूत सांगे. दोन्ही भाषांत रिनामावशी मान खाली घालून ऐके.

सुमेधा तिच्याजवळ जमिनीवर बसली. रिनामावशीने तिचा हात धरला.

“मीच दिलं, गो. माझ्याच हाताने.”

सुमेधाला गप्प बसता आलं असतं. खजूर सगळ्यांना पसंत होता. बुकही झाल्यातच जमा होतं, आणि मार्चमध्ये ती हा देश सोडून पुण्याला जाणार होती.

“मावशी, एका खजुराने नाही झालं. शुक्रवारची पाळी मी लावली होती. तिच्यापायी ते दर शुक्रवारी अर्धवट उठून यायचे.”

“ते ठाऊक आहे मला.”

सुमेधाला वाटलं होतं की हे कळल्यावर ती हात सोडेल. तिने सोडला नाही.

“मी त्यांना म्हटलं, पोरीला सांगा,” रिनामावशी म्हणाली. “ते म्हणाले, तिने विचारलं की सांगेन. तू विचारलंस नाय?”

“विचारलं.”

“मग?”

“चालेल म्हणाले.”

रिनामावशीने मान वर केली. नवरा गेल्यापासून तिने कुणाकडे सरळ पाहिलं नव्हतं, ते आत्ता पाहिलं.

“आणि तुला ते खरं वाटलं?”

जाऊबाईने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“नाही,” सुमेधा म्हणाली.

तेव्हा रिनामावशीने हात सोडला. रागाने नाही, गुडघ्यावरचं लुगडं नीट करायला हात लागावा तसा काढून घेतला, आणि मग तो परत दिला नाही.

लिहि दारातून आत आली होती. तिला सूर कळला होता, शब्द कळले नव्हते. आजी काय म्हणाली, असं तिने हिब्रूत विचारलं. जाऊबाईने तोंड उघडलं, पण रिनामावशीने तिला हाताने थांबवलं आणि सुमेधाकडे पाहिलं. सांगायचं ते हिनेच सांगायचं होतं.

सुमेधाने सांगितलं. शुक्रवार, दुसरी पाळी, अडीचची बस, डिसेंबरातलं विचारणं, तक्ता. मराठीत जे बोलायला तिला दीड महिना लागला होता ते हिब्रूत चारपाच वाक्यांत आटपलं. सांगून झाल्यावर ती ओरडण्याची वाट पाहत बसली. या देशात इतक्या वर्षांत तिला ओरडण्याची भीती वाटेनाशी झाली होती. आज तर ते हवंच होतं. ओरडलं म्हणजे नोंद होते.

लिहि ओरडली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने विचारलं, “उद्या त्या पाळीला कोण आहे?”

“ब्राखा म्हणून एक बाई आहेत. म्हाताऱ्या आहेत. नेतिवोत गावच्या.”

“त्यांना विचारलंत?”

विचारलं होतं. मंगळवारी, केंद्राच्या बोळातच, चालता चालता. ब्राखाने वर बोट करून देवाचे आभार मानले होते आणि म्हटलं होतं की तू ठेवशील तशी राहीन, मुली. सुमेधाने तिच्या नावापुढची जागा कोरी सोडली होती.

“विचारलं,” ती म्हणाली.

“आणि नेतिवोतची शेवटची बस कितीला?”

सुमेधाला ते ठाऊक नव्हतं. तिने लिहिकडेच फोन मागितला, ब्राखाला दुसऱ्यांदा विचारायला.